अनवाणी ड्रायव्हर

वास आधी मला आला.

शेगडीतल्या निखाऱ्यांवर आईने ओवा आणि बाळंतशोपा टाकला होता. खोलीभर धूर. मी केस मोकळे सोडून पाठ शेकत बसले होते आणि आई बाळाला दोन हातांवर तोलून धुरी देत होती. न्हाऊन लाल झालेली माझी लेक झोपेच्या उंबऱ्यावर होती. त्या धुरात ओव्याच्या पलीकडचं काहीतरी होतं. केस जळावेत तसं.

“आई, काय जळतंय गं?”

“ओवा जळतोय. आन् काय जळणार?”

आप्पा दाराच्या चौकटीला टेकून, पाय लांब करून बसले होते. सकाळी मुलांना शाळेत सोडून आले की चहाचा पेला घेऊन ते रोज इथं येत. नातीचं नाव संयोगिता, पण आप्पांना ते फार लांब वाटायचं. ते तिला ‘पॅसिंजर’ म्हणत, कारण संध्याकाळी तिची किरकिर सुरू झाली की ती फक्त त्यांच्या चालत्या व्हॅनमध्येच झोपायची. आत्ताही ते तिच्याशीच बोलत होते. “काय पॅसिंजर, आज कुठल्या स्टापला उतरणार?” आणि त्यांच्या डाव्या पायाची कड शेगडीच्या तापलेल्या पत्र्याला चिकटलेली होती.

“आप्पा, पाय!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या बोटाकडे. मग खाली. आणि पाय बाजूला घेतला. दचकून नाही, सावकाश. वाटेत कुणाची तरी पिशवी पडलेली असावी, ती उचलून कडेला ठेवावी तसा.

नेमकं तेव्हाच डोक्यावरून विमान गेलं. बेंगळुरूच्या या टोकाला, येलहंक्यात, विमानं अशीच जातात, छपराला हात लावून गेल्यासारखी. बाळाचे दोन्ही हात फाटकन उघडले, बोटं ताठ झाली आणि काहीतरी धरायला पुन्हा छातीशी आली. दोन महिन्यांचं पोर. विमान म्हणजे काय, आवाज कुठून आला, तिला काही माहीत नव्हतं. तरी तिचं अख्खं अंग उत्तर देऊन मोकळं झालं होतं.

“अगं बया!” आईने बाळ माझ्या मांडीत टाकलं आणि न्हाणीतलं उरलेलं गार पाणी आप्पांच्या पायावर ओतलं. फोड टम्म फुगला होता. “अवो, कळलं न्हाई तुम्हास्नी?”

“कळलं की. जरा उशिरा कळलं.”

“पोस्टानं आलं व्हय?”

आप्पा हसले. “भागू, ड्रायव्हरचा पाय हाय ह्यो. कातडं जाड झालंय. एवढ्यातेवढ्याला हाक मारत न्हाई.”

आप्पा निपाणीकडून बेंगळुरूला आले ते पीण्या भागातल्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून. तिथल्या टेम्पोवर गाडी शिकले आणि माझ्या जन्मानंतर स्वतःची व्हॅन घेऊन शाळेच्या मुलांची ने-आण करू लागले. तेव्हापासून व्हॅन दोनदा बदलली, पण एक गोष्ट बदलली नाही. आप्पा गाडी अनवाणी चालवायचे. चपला काढून सीटखाली सरकवायच्या, पेडलला पाय लावायचा, मग किल्ली. “बूट घालून गाडी चालवायची म्हंजे हातमोजे घालून भाकरी थापायची,” असं ते म्हणायचे. क्लच किती उचलायचा, ब्रेक कुठं धरतो, इंजिन कुठल्या गियरला कुरकुरतंय, हे त्यांना तळव्यातून समजायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांना पायाने ऐकू येतं.

मागच्या महिन्यात ते बाजारातून एकच चप्पल घालून घरी आले होते. दुसरी कुठं पडली, पत्ता नाही. आई दारातच म्हणाली होती, “उद्या पँट इसरून या.” आम्ही तिघंही पोट धरून हसलो होतो. आता त्या फोडावर कोरफडीचा गर लावताना आईचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. तिलाही तीच चप्पल आठवली असणार.

बाळाचं इंजेक्शन त्याच दिवशी होतं. दवाखाना दोन गल्ल्या सोडून, पण ऊन होतं म्हणून आप्पांनी व्हॅन काढली. मी बाळाला घेऊन मागे बसले. आणि पहिल्यांदाच मी आप्पांच्या पाठीकडे न पाहता आरशातल्या त्यांच्या डोळ्यांकडे पाहत राहिले. चौक आला. त्यांचे डोळे खाली गेले, पायांकडे. मग रस्त्यावर. गतिरोधक आला, पुन्हा खाली. एक क्षणच, पापणी लवावी एवढा. पण एवढ्यात एक स्कूटरवाला आडवा आला आणि आप्पांनी ब्रेक असा दाबला की बाळाचं डोकं माझ्या हनुवटीवर आदळलं.

“खुळं कुठलं,” आप्पा स्कूटरवाल्याला म्हणाले. मी बाळाचं डोकं चोळलं.

दवाखान्यात डॉक्टर कृष्णमूर्ती आधी बाळाकडे वळले. नर्स शिवलीलाने तिच्या पायाच्या तळव्यावरून बोट फिरवलं, तशी पाचही बोटं पंख्यासारखी पसरली. शिवलीला हसली आणि तेवढ्यात सुई मांडीत गेली. बाळाचा चेहरा आधी आश्चर्याने थांबला. मग ओठ वळले, मुठी वळल्या, पाय पोटाशी गेले आणि मग तो टाहो. तिला छातीशी घेईपर्यंत माझा ब्लाऊज ओला झाला होता. सुई तिच्या मांडीत आणि पान्हा मला. मधे कुणी निरोप्या नाही. मला त्या क्षणी, लाज वाटायच्या आधी, अभिमान वाटला. काय जुळणी आहे!

“आता आजोबा,” डॉक्टर म्हणाले. ते कन्नडमध्ये बोलत होते, आप्पाही. फोड पाहिला, पट्टी बांधली. मग त्यांनी खणातून एक दांडी काढली, टोकाला नायलॉनचा दोरा. मासे पकडायच्या गळाला असतो तसला.

“स्वल्प, जरा डोळे मिटा. दोरा पायाला लागला की ‘हं’ म्हणा.”

आप्पांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी उजव्या अंगठ्याखाली दोरा टेकवला.

“हं,” आप्पा म्हणाले.

टाचेला. “हं.”

करंगळीखाली. “हं.”

मी श्वास सोडला. आप्पांचा आवाज खणखणीत होता, हजेरी द्यावी तसा. आणखी दोनदा ‘हं’ झालं. मग माझं लक्ष डॉक्टरांच्या हाताकडे गेलं. हात मांडीवर होता. दोरा हवेत होता.

“हं,” आप्पा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, “हं.”

शिवलीलाने खिडकीबाहेर पाहिलं. आप्पांचे डोळे मिटलेले, मान ताठ, चेहऱ्यावर पहिल्या बाकावरच्या मुलासारखा आत्मविश्वास. आणि पायाला कुणीच हात लावत नव्हतं.

डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं नाही, त्याचं मला फार बरं वाटलं. त्यांनी आपली खुर्ची जवळ ओढली. “तुम्ही तालावर ‘हं’ म्हणत होता,” ते म्हणाले. “मी मधेच थांबलो होतो.”

आप्पांनी पायाकडे पाहिलं.

“पायाला चटका बसतो तेव्हा बातमी मणक्यापर्यंत जाते. पाय ओढायचा हुकूम तिथूनच सुटतो. डोक्याला मागाहून कळतं. म्हणून माणूस आधी पाय ओढतो आणि नंतर ओरडतो. तुमच्या पायातून बातमीच निघत नाही. रक्तातल्या इतक्या वर्षांच्या साखरेने नसा खाल्ल्या आहेत.”

“म्हंजे बॅटरी ठीक, हॉर्न ठीक,” आप्पा म्हणाले. “वायर गेली.”

“सरी, बरोबर. वायर गेली.”

“जोडता येतीया?”

“गेलेली परत येईलच असं नाही. राहिलेली वाचवता येते.” मग डॉक्टरांनी सगळं सांगितलं. गोळ्या चुकवायच्या नाहीत, घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, पट्ट्याची चप्पल, रोज तळवे आरशात बघायचे. “आणि पुढच्या तपासण्या होईपर्यंत गाडी नको. निदान मुलांची तरी.”

“सरी सरी,” आप्पा म्हणाले. पोलिसाला म्हणतात तसं. मग खिशातून किल्ली काढत उठले.

दवाखान्याच्या पायरीवर मी थांबले. आप्पांनी माझ्यासाठी व्हॅनचं मागचं दार उघडलं, चपला काढून सीटखाली सरकवल्या आणि पुढे आपल्या सीटवर बसले.

“बस की गं.”

“नको आप्पा. मी चालते जरा.”

“ह्या उन्हात? पोर घेऊन?”

“पदर आहे ना. सावलीसावलीने येते.”

आप्पांनी आरशात माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घेतली. त्यांनी दार ओढून घेतलं, पण पुढे गेले नाहीत. दोन गल्ल्या मी बाळाला पदराखाली घेऊन चालत होते आणि माझ्याबरोबर, चालण्याच्याच वेगाने, ती पांढरी रिकामी व्हॅन येत होती. मागचे रिक्षावाले हॉर्न देत होते. नारळपाणीवाला विचारत होता, “काय झालं अण्णा, पेट्रोल संपलं?” आप्पा समोर पाहत होते.

जेवताना ते आईला म्हणाले, “तुझ्या लेकीनं आज माझ्या गाडीत बसायला नको म्हटलं.”

“शहाणी हाय,” आई म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला. “दुपारी पोरांला आणायला जाऊ नका. कुणाला तरी सांगा.”

“कुणाला सांगू? आन् काय सांगू? गाडीला ओरखडा न्हाई, एक पोर कधी खरचटलं न्हाई. एका दोऱ्यावरनं ड्रायव्हर फेल?”

“दोरा सोडा. सकाळी शेगडी हुती ती.”

आप्पा ताटावरून उठले. रागाने नाही, रागावले की ते बसून राहतात. हात धुऊन मला म्हणाले, “चल. तू बघ. माझा पाय चुकला तर मला सांग.”

अंगणात व्हॅन उभी होती, इंजिन बंद. आप्पा सीटवर बसले आणि दार उघडं ठेवलं. मी बाळाला आईकडे दिलं आणि दाराशी उकिडवी बसले, पेडलांसमोर. पट्टीचा डावा पाय, मोकळा उजवा. ते पाय मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. टाचा रुंद, बोटं पसरलेली, अंगठ्याखाली पेडलचा घट्टा. अर्धं आयुष्य तिथं घासलेलं होतं.

“डोळे मिटलेत,” आप्पा म्हणाले. “बघ. क्लच.”

डावा पाय क्लचवर गेला. बरोबर.

“एक्सलेटर.”

बरोबर.

“ब्रेक. सोडला. पुन्हा क्लच. पुन्हा ब्रेक.”

एकदाही चूक नाही. गुडघे आपापल्या वाटेने जात होते, पाणक्याने न बघता विहीर गाठावी तसे. मला हसू आलं. बरं वाटलं. वाटलं, उठावं आणि म्हणावं, आप्पा, जा तुम्ही, पोरं वाट बघत असतील. या गाडीतून मी वाढले. ही गाडी शाळेच्या फाटकाशी उभी दिसली की मला घरी पोचल्यासारखं वाटायचं.

“काय म्हणतोय पाय? चुकतोय?”

“नाही आप्पा.”

“मग!” त्यांचा आवाज उंच झाला. “डाक्टरला म्हणावं, दोऱ्यानं मासं पकड.”

ते पुन्हा सुरू झाले. क्लच, एक्सलेटर. आणि मला हवेतला दोरा दिसला. मी हात पुढे केला आणि ब्रेकच्या पेडलवर तळहात उताणा ठेवला.

“ब्रेक,” आप्पा म्हणाले.

त्यांचा पाय माझ्या हातावर आला. गरम, खरखरीत. मी थांबले. आता कळेल. रबराच्या जागी माणसाचा हात आहे, बोटं आहेत, बांगडी आहे, कळेलच.

“हां, हितं ब्रेक. हळू दाबतोय बघ. हळू म्हंजे किती हळू.” ते दाबत होते. माझी बोटं पेडलच्या खाचांत रुतत चालली. “अंडं ठिवलं तरी फुटायचं न्हाई.”

मी ओठ आवळून घेतले. ओरडले असते तर त्यांना कानाने कळलं असतं.

आप्पांनी डोळे उघडले आणि खाली पाहिलं.

पाय त्यांनी लगेच उचलला नाही. आधी बघितलं. आपला पाय, त्याखालून निघालेलं माझं मनगट, हिरवी बांगडी. मग हळूच पाय उचलून बाजूला धरला आणि तो कुठं ठेवावा ते त्यांना समजेना.

घरातून बाळाचा आवाज आला. आई तिला काहीतरी सांगत होती.

आप्पांनी खाली वाकून माझा हात उचलला, वळवून पाहिला. पेडलच्या रेघा बोटांवर उमटल्या होत्या. ते एकेक बोट आपल्या अंगठ्याने दाबत गेले, लहानपणी काटा शोधायचे तसे.

“हितं लागतंय?”

“लागतंय.”

“आन् हितं?”

“तिथंही.”

“लागतंय न्हवं,” ते म्हणाले. “बरं हाय.”

मग त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या त्याच हातात ठेवली. “महांतेशला फोन लाव. म्हणावं शाळा सुटायच्या आत ये. बूट घालून येऊ नकोस.”

महांतेश चिक्कोडीचा. रिक्षा चालवायचा आणि आजारपणात आप्पांची खेप सांभाळायचा. तो आला तेव्हा आप्पा पायरीवर बसून, दाढीचा आरसा तळव्याखाली धरून बघत होते. पायात पट्ट्याच्या चपला घालायच्या आधी बघायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“काय मामा, पायाची दाढी?” महांतेशने विचारलं.

“गाडीला आरसा हाय,” आप्पा म्हणाले, “मग मला नको? मागचं बघाय आरसा लागतोयच.”

आई उंबऱ्यात उभी होती, ती आत गेली. भांड्यांचा आवाज मोठा झाला.

बाळाची किरकिर आज लवकरच सुरू झाली होती, म्हणून मीही तिला घेऊन मागे बसले. आप्पांनी मला काही विचारलं नाही. फक्त खिडकीची काच वर केली, बाळाला वारा लागू नये म्हणून. आप्पा पुढे, डाव्या सीटवर. बसताना सवयीने त्यांनी चपलांचे पट्टे सोडायला हात खाली नेला, मधेच थांबवला आणि पट्टे आणखी घट्ट केले. महांतेशच्या सँडल सीटखाली गेल्या.

“पाय लाव. लगेच स्टार्ट मारू नको. आधी पाय लाव.”

“लावला मामा.”

“काय म्हणतीया?”

“कोण?”

“गाडी रे.”

“क्लच जरा वर धरतोय वाटतं.”

“आता कसं,” आप्पा म्हणाले.

शाळेच्या फाटकाशी मुलं नेहमीसारखी धावत आली. सौम्या सगळ्यांत पुढे. दुसरीतली, दोन वेण्यांची, पुढच्या सीटची मालकीण. तिने दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवला.

“अंकल, दॅट्स माय सीट.”

“आज मी पॅसिंजर,” आप्पा कन्नडमध्ये म्हणाले. “तू मागं बस. तिथं आणखी एक पॅसिंजर हाय बघ, तुझ्याहून लहान.”

सौम्याने बाळाला पाहिलं आणि सीटचं विसरली. माझ्या शेजारी दाटून बसली आणि विचारून बाळाच्या तळव्याला बोट लावलं. बोटं पसरली. “तिने मला हाय केलं!” ती ओरडली. मग बाकीच्यांनाही हाय करून घ्यायचं होतं.

आप्पा महांतेशला सांगत होते. हिची आई फाटकावर येईपर्यंत दार उघडायचं नाही. ह्याला कुत्र्याची भीती, त्याला गल्लीच्या आत सोडायचं. ह्या वळणावर पाणी साचलेलं असतं, डावीकडून घे. ते रस्त्याकडे बघत होते आणि महांतेशच्या पायांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. कानाने ऐकत होते. “सोड. सोड. हां, आता,” आणि गाडी खरंच आताच उठायची.

रेल्वे फाटकाकडचा उतार लागला. पुढच्या टेम्पोचे लाल दिवे अचानक पेटले, त्याचे ब्रेक किंचाळले. एव्हाना झोपलेल्या बाळाचे हात उघडले आणि माझ्या पदराला मूठ लागली. महांतेशने ब्रेक लावला. किंचित उशिरा, पण लावला. गाडी टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबली. मुलं ‘ओऽऽ’ करून पुढे झुकली आणि हसली.

मी सीटच्या फटीतून खाली पाहिलं. आप्पांचा उजवा पाय चपलेसकट पुढे गेला होता आणि समोरच्या पत्र्यावर दाबलेला होता. महांतेशच्या आधी गेला होता. हळू, जपून, अंडं फुटणार नाही असा.

टेम्पो हलला. आप्पांनी पाय तसाच ठेवला. मग वाकून, तो कुठं आहे ते पाहिलं आणि उचलून जागेवर घेतला.

“चल,” ते महांतेशला म्हणाले. “मागं पॅसिंजर झोपलंय. दमानं.”